वेशीतली काच

गावाच्या वेशीतून जाताना मान वर करायची नाही, असा माझा नियम होता. बाकीच्या बाया तिथल्या मारुतीला हात जोडत निवांत जातात. मी पदर सावरायची, श्वास धरायची आणि झपाझप पलीकडे निघायची. वेस म्हणजे काही बोगदा नव्हे, बोलता बोलता संपते. पण तेवढ्यात धरलेला श्वास शाळेची घंटा होईपर्यंत मोकळा होत नसे.

गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं. नवी वस्ती बस स्टँडच्या अंगाला पसरली आणि जुनं गाव तटाच्या आत राहिलं. तट आता फक्त म्हणायला उरला आहे. त्याचे दगड कोणाच्या जोत्यात गेले, कोणाच्या गोठ्यात. एक तर मी ओळखीच्या घरी न्हाणीत कपडे आपटायला ठेवलेला पाहिला, त्यावर कोरलेलं कमळ अजून शाबूत होतं. वेस मात्र उभी आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बसवलेली, दोन बाजूंना दोन बुटके बुरूज आणि मध्ये टोकदार कमान. कमानीवर नगारखाना आहे, पण नगारा नाही, पारवे आहेत. लाकडी दरवाजाची एकच फळी उरली आहे, जाड खिळे ठोकलेली. उन्हाळ्यात तिच्या सावलीला बकऱ्या बसतात. आत शिरताना दोन्ही हातांना ओट्यासारखे खोल कोनाडे आहेत, त्यांना देवड्या म्हणतात. पूर्वी तिथं पहाऱ्यावरचे शिपाई बसत. उजव्या देवडीत बांगड्यावाली मावशी बसते. डाव्या देवडीत माझा नवरा बसायचा. घड्याळं दुरुस्त करायचा.

म्हणजे मी भ्यायची ती दगडांसाठी नव्हे, त्या दगडांखाली दिवसभर मान खाली घालून बसलेल्या माणसासाठी. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'तुम्ही' म्हणते. कागदावर तेवढी मुभा असते.

माझं माहेर धामणगाव बढ्याचं. आमच्या आळीत पत्र्याची घरं. वावधान सुटलं की पत्रे वाजतात, फारच झालं तर उडून कोणाच्या वावरात जाऊन पडतात, पण माणसाच्या डोक्यावर बसत नाहीत. त्यामुळे दगड डोक्यावर घेऊन जगायची मला सवयच नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन दुकानात गेले, सहज वर पाहिलं, आणि कमानीच्या माथ्यापासून थेट देवडीच्या छतापर्यंत उतरलेली भेग दिसली. बोट जाईल एवढी. नव्या नवरीनं पेठेत मोठ्यानं बोलू नये हेही मी विसरले.

"हे काय व्हय?"

"भेग हाये," तो म्हणाला. डोळ्याला लावलेलं भिंग त्यानं काढलंसुद्धा नाही.

"ते दिसते मले. पडन ना हे!"

"काऊन पडन? माह्याआधी माहा बाप बसला इथी. त्याच्या डोक्यावर नाही पडली, माह्याच डोक्यावर काऊन पडन?"

मी शिक्षिका आहे, चौथीला गणित शिकवते. बाप वाचला म्हणून लेकही वाचेल, असं उदाहरण मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. पण नवऱ्याशी गणितानं भांडता येत नाही, हे मला लवकरच कळलं.

भेगेचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. नगारखान्याच्या कोपऱ्यात पाखरांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवला होता. रोपटं होतं तेव्हा उपटलं असतं तर उपटलं गेलं असतं. पण पेठेतली मंडळी म्हणाली, पिंपळात मुंजा असतो, हात लावायचा नाही. आम्ही बौद्ध. आमच्या लोकांनी म्हटलं, हा तर बोधिवृक्ष, याला कुऱ्हाड कशी लावायची? एरवी पाण्याच्या टाकीपासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत गावाचं कशावर एकमत होत नाही. पिंपळ तोडायचा नाही यावर मात्र ताबडतोब झालं. त्याची मुळं दगडांच्या सांध्यांत उतरत राहिली आणि आम्ही सगळे खालून त्याला आदरानं पाहत राहिलो.

नवऱ्यानं ती जागा का सोडली नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही सासऱ्यांनी सांगितलं म्हणून. आमच्या घराण्यातली माणसं पूर्वी या गावची वेसकर. दिवेलागणीला दरवाजा लावायचा, रात्रभर पहारा द्यायचा, आलागेला हेरायचा. पण पहारा द्यायचा तो बाहेर उघड्यावर उभं राहून. देवडीत बसायचा मान दुसऱ्यांचा. थंडीत हातपाय गारठले तरी त्या ओट्यावर टेकायची सोय नव्हती. सासरे मुंबईहून घड्याळाचं काम शिकून आले आणि त्यांनी भाड्यानं घ्यायला मागितली ती नेमकी हीच देवडी. पेठेतल्या काही लोकांनी तोंडं वाकडी केली, काहींनी हळूच घड्याळं दुरुस्तीला आणून दिली. सासरे सांगत, पहिल्या दिवशी ते दिवसभर नुसते बसून होते, एक गिऱ्हाईक आलं नाही, तरी संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, आज लय काम झालं.

हे ऐकल्यावर "उठा तिथून" असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणत होते तरी. रोज म्हणत होते. पण आवाजातला जोर गेला होता.

माझी शाळा तटाच्या आत, घर बाहेर. सकाळी वेशीतून आत जायचं, दुपारी वेशीतून बाहेर यायचं. तटाला नाल्याच्या बाजूनं एक खिंडार पडलेलं आहे, तिकडूनही जाता येतं, पण तो मोठा वळसा आणि पावसाळ्यात नुसता चिखलाचा रेंदा. आमच्या भागातली माती काळी, पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत वासराचा पाय अडकावा. अशा मातीवर ती वेस उभी. पावसाळा लागला की माझा जीव टांगणीला, पावसाळा संपून जमीन तडकायला लागली की पुन्हा टांगणीला. नवऱ्याच्या डब्यात चपातीवर चुन्याचा कण दिसला तरी मला घास जात नसे.

आणि लग्नसराई! आमच्या गावात नवी नवरी कुठल्याही धर्माची असो, जातीची असो, पहिल्यांदा गावात येते ती वेशीतूनच. तिथं नारळ फुटतो किंवा नुसतं पाणी ओवाळून टाकतात, ज्याची जशी रीत. याला माझी ना नाही, मीही तशीच आले. पण अलीकडे वरातीत डीजे असतो, आणि कमानीखाली आवाज घुमतो म्हणून पोरं गाडी मुद्दाम तिथंच उभी करायला लावतात. छातीत धडधड होते, फळीचे खिळे कुरकुरतात, पारवे उडून जातात. बरोबर त्या आवाजाखाली माझा नवरा चिमट्यानं केसाएवढा स्क्रू उचलत बसलेला.

मग एके वर्षी जिल्ह्याहून एक इंजिनिअर साहेब आले. तरुण होते, बोलायला गोड. शिडी लावून वर चढले, भेग तपासली आणि भेगेवर आडवी, पट्टीएवढी काच ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला पक्की केली. नेमकी माझ्या नवऱ्याच्या दुकानावर. सगळी पेठ जमली होती. शाळा सुटली म्हणून मीही होते. साहेबांनी समजावून सांगितलं, "काच ताणली जात नाही. ही भेग थोडी जरी सरकली तरी काच तडकणार. काच शाबूत आहे तोवर काळजी नको. तडकली तर मला कळवा, आणि खाली कोणी थांबू नका."

एवढं सांगून ते गेले आणि पुढे त्यांची बदली झाली. पण मला त्यांनी केवढी मोठी वस्तू देऊन ठेवली होती! इतकी वर्षं मी कशाला भीत होते ते मलाच मोजता येत नव्हतं. आता मोजमाप मिळालं. काच आहे, भेग सरकलेली नाही, नवरा सुखरूप आहे. मी वेशीत मान वर करून चालायला लागले. सकाळी कमानीखाली थांबायचं, काच पाहायची, तिच्यावर उजेड पडून ती चमकली की शाळेत जायचं. पेठेतले लोक चेष्टा करत, "मॅडम देव मानत नाही म्हणतेत, पण काचेचं दर्शन घेतल्याशिवाय जात नाहीत." मी हसून सोडून द्यायची. खरंच होतं ते.

धो धो पाऊस झाला, नाला रस्त्यावर आला, दुसऱ्या दिवशी मी धावत वेशीत गेले. काच शाबूत. कापसाचा ट्रक मागे घेताना बुरुजाला घासला, दगडाचा कोपरा उडाला. काच शाबूत. एका लग्नात तर असा डीजे वाजला की मावशीच्या डब्यातल्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी पाहते तर काच जशीच्या तशी. मला त्या इंजिनिअरचं, त्या दगडांचं, जुन्या गवंड्यांचं इतकं कौतुक वाटायला लागलं की मी वर्गात पोरांना सांगायची, बघा, आपल्या पूर्वजांचं काम कसं असतं.

खटकणाऱ्या गोष्टी घडत नव्हत्या असं नाही. ती खिळ्यांची फळी पूर्वी ढकलली की कुरकुरत हलायची, ती आता कमानीत आवळून बसली होती, हलेना. नवऱ्याच्या हातून स्क्रू पडायला लागले होते. घरी येऊन सांगायचा, आज एक गेला, आज दोन गेले, दिवसभर जमिनीवर हात फिरवत बसलो. मी म्हटलं, चाळिशी झाली आहे, डोळे दाखवा. चिखलीला नेऊन नंबर काढून आणला. तरी स्क्रू पडतच होते. पण काच शाबूत होती ना, मग मी कशाला दुसरीकडे पाहते!

ते दिवस मे महिन्यातले. शाळेला सुट्टी लागली होती. नवरा डबा विसरून गेला, म्हणून मी ऐन दुपारी घेऊन गेले. देवडी रिकामी होती. घड्याळं पेटीत झाकून ठेवलेली, भिंग वर. आणि बांगड्यावाली मावशी हातात खराटा घेऊन आमच्या देवडीसमोर काचा गोळा करत होती.

"काय झालं मावशी? बांगड्या फुटल्या काय?"

मावशीनं खराटा टाकून दोन्ही हात हलवले. बांगडीच्या बाबतीत फुटली हा शब्द काढत नाहीत, वाढली म्हणतात, आणि मावशी त्याबाबत फार कडक.

"अव माय, असं बोलू नाही. बांगडी नाही वं, तुमची काच वाढली. सकायीच. भाऊ गेले नवी आणाले, फोटोफ्रेमवाल्याकडं. येतीन आता."

मी वर पाहिलं. प्लास्टरची दोन टोकं होती, मध्ये काही नव्हतं.

"नवी आणाले म्हणजे?"

"दर बारीले आणतेत तशी. आज वरात हाये ना. नव्या नवरीनं तुटक्या काचेखालून याव काय? आन् साहेबानंच सांगतलं व्हतं, काच शाबूत पाह्यजे म्हून. आमी ठेवतो शाबूत. मागच्या बारीले भाऊ गावाले गेले व्हते तं मीच लावून घेतली."

मावशीच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? अभिमान होता. सरकारी वस्तू गावानं नीट सांभाळली याचा. सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पानवाल्याला, मारुतीच्या पुजाऱ्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला. काच गेली की जो आधी पाही तो निरोप देई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी यायच्या आत, नवी काच जागेवर असे. लग्नसराईच्या आधी वेशीला चुना देत, तेव्हा भेगही चुन्यानं बुजवून टाकत. तापानं फणफणलेल्या पोराचं थर्मामीटर बदलावं आणि म्हणावं, उतरला बघा ताप, तसा हा प्रकार. आणि ते पाहून मी रोज सकाळी समाधानानं शाळेत जात होते.

काय सुचलं कोण जाणे, मी नवऱ्याच्या स्टुलावर चढले आणि भेगेवर हात ठेवला. चुना पापडासारखा सुटून आला. बोट गेलं, मग बोटं गेली, मग अख्खा हात मनगटापर्यंत आत गेला. आत गार हवा होती. त्या हवेत माझ्या बोटांना काहीतरी ओलसर, जाड लागलं. पिंपळाचं मूळ होतं. मी हात काढून घेतला आणि किंचाळले की नाही ते आठवत नाही. मावशी म्हणते किंचाळले.

तेवढ्यात नवरा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी. मला स्टुलावर पाहून तो जागीच थांबला. मग भर बाजारात मी जे तोंड सोडलं ते पेठ अजून विसरली नसेल. घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत म्हणतात. मी ती वेशीतच उभी राहून टांगली. तुम्हाला बायको नको झाली काय, जगायचं नाही काय, मला येडी समजता काय. बोलता बोलता रडू फुटलं. पानवाल्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला, तो मी त्यालाच परत केला.

लोक पांगल्यावर नवरा म्हणाला, "पह्यल्या बारीले तडकली तवा मी साहेबाले फोन लावला. लागला नाही. नगरपालिकेत गेलो तं म्हणे, पाहू. दुसऱ्या दिवशी तू येणार व्हती. काच नाही दिसली तं तू पुन्हा तशीच व्हशीन, जेवण नाही, झोप नाही. म्हून लावली. तू वर पाह्यलं आन् हसत गेली. मंग मले काढताच नाही आली."

"आन् तुमाले? तुमाले भेव नाही वाटलं?"

"वाटते ना."

"कवापासून?"

"पह्यल्या काचेपासून. हात कापते माहा. स्क्रू काऊन पडते म्हणतं तू? डोये चांगले हायेत माहे. चष्मा तुह्या समाधानासाठी लावला."

हे ऐकून मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. राग होताच. पण रागाच्या खाली मला एकदम फार वाईट वाटलं. मी त्याला निडर समजत होते. घरी मी मनसोक्त भ्यायची, तो हसायचा, आणि त्याच्या हसण्यावर मी चिडायची. हा माणूस दिवसभर त्या भेगेखाली बसून, वरून पडणारा एकेक कण ऐकत, एकटा भीत होता. संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचा, काही नाही होत. भिणारी मी एकटीच नव्हते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"मग उठत काऊन नाही?"

"माहा बाप इथी बसला, त्याले किती लोकं उठवाले आले, तो उठला नाही. मी दगडाले भेऊन उठू?"

तेवढ्यात बस स्टँडच्या बाजूनं डीजेचा ठोका ऐकू आला. वरात निघाली होती. अजून लांब होती, पण पायाखालची फरशी कळत-नकळत बोलायला लागली. त्यानं वर्तमानपत्र सोडलं, काच काढली आणि स्टूल ओढलं. लावायला निघाला होता!

मी त्या स्टुलावर बसले. पाय घट्ट रोवले.

"ऊठ."

"नाही उठत. तुमी बसता ना, मीही बसते. बाबाची जागा हाये ना, मी सून हाओ त्यांची. बसू दोघंही."

"येड्यासारखं नको करू. वरात येऊन राह्यली."

"येऊ द्या."

मी त्याच्याकडे पाहत होते, वर पाहायची हिंमत नव्हती. ठोका जवळ येत होता. पेटीतली घड्याळं एकमेकांना लागून बारीक वाजायला लागली. माझ्या खांद्यावर काहीतरी पडलं, वाळूसारखं. मी ते झटकलं नाही. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की आता हा उठला नाही तर मीही उठणार नाही, आणि मी इतकी भ्याले होते की मला उठताही आलं नसतं.

नवऱ्यानं माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग त्यानं काच जमिनीवर ठेवली आणि लोकांची घड्याळं पिशवीत भरायला घेतली. एकेक, प्रत्येकाची वेगळी पुडी. घाईतही पुड्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. मी पिशवीचं तोंड धरलं. चिमटे, भिंग, तेलाची बाटली, बाबासाहेबांचा लहानसा फोटो, सगळं घेतलं. आम्ही मावशीलाही हाका मारल्या. ती म्हणाली, "वरातीच्या वक्ताले दुकान सोडून कुठी जाऊ वं? आताच तं धंदा असते." आणि उठली नाही. आम्ही वेशीच्या बाहेर, कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो.

वरात आली. नवऱ्यानं पुढे होऊन दोन्ही हात वर केले. "थांबा. कमानीखाली नका थांबू. डीजे बंद करा," असं ओरडला. कोणाला ऐकू जाणार? एका पोरानं त्याचे हात धरून त्याला नाचायला ओढलं. गाडी रिवाजाप्रमाणे कमानीखाली उभी राहिली. आवाज घुमला. आणि मग ते दिसलं. कमानीतून चुन्याची पिठी गळायला लागली. नवरदेवाच्या फेट्यावर, नवरीच्या पदरावर, मावशीच्या बांगड्यांवर. कोणी वर पाहिलं नाही. कोणीतरी नारळ फोडला, नवरीनं वाकून मारुतीला नमस्कार केला, ती नमस्कार संपवतच नव्हती असं मला वाटलं. मी मनात तिला म्हणत होते, चल गं बाई, चल, पुढं हो.

ती पुढं गेली. गाडी गेली. वेस उभी राहिली. पिठी बराच वेळ खाली येत होती.

नवऱ्यानं माझा दंड धरला होता, इतका घट्ट की पुढे काळानिळा झाला. तो म्हणाला, "आत बसल्यावर एवढं नाही दिसत वं. तिथी नुसतं आयकू येते." मग म्हणाला, "तू इतकी वर्सं बाहेरून हेच पाहून राह्यली व्हती?"

मी हो म्हटलं.

आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो, अर्ज दिला. तिथले म्हणाले, वास्तू पुरातन आहे, आम्ही हात लावू शकत नाही. पुरातनवाल्यांनी कळवलं, आमच्या यादीत नाही. शेवटी कोणीतरी येऊन एक दोर बांधून गेलं. लोक दोर वर करून जातात, खाली वाकून जातात, मोटरसायकलवाल्यांनी तो एका बाजूनं सोडूनच टाकला. मावशी अजून देवडीत बसते. मी तिला रोज सांगते. ती म्हणते, मरण असन तं खाटल्यावरबी येते. पिंपळाला या वर्षी भरपूर पालवी फुटली.

नवऱ्यानं बस स्टँडजवळ टपरी घेतली. पहिल्या दिवशी तिथं नुसता बसून होता. संध्याकाळी घरी आल्यावर काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

शाळेत मी आता खिंडाराच्या वाटेनं जाते. वस्तीतली पोरंही त्याच वाटेनं आणते, चिखल तुडवत, त्यांच्या आया कुरकुरतात तरी. टपरी उघडायला अवकाश असतो म्हणून नवरा माझ्याबरोबर शाळेपर्यंत येतो. त्या वाटेवर थोडं अंतर उरलेल्या तटाच्या कडेनं चालावं लागतं. तिथं आलो की तो मला बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि स्वतः भिंतीकडून चालायला लागतो. मी दोन पावलं जाऊ देते, मग मागून वळसा घेऊन त्याला बाहेर ढकलते आणि मी भिंतीकडे होते. तो पुन्हा आत शिरतो. शाळेच्या फाटकापर्यंत आमचं हेच चाललेलं असतं, आणि पोरं मागून हसत येतात.